अनुभव धागा: आपली बँक बंद पडली तेव्हा

अमेरिकेत १९३० ते १९३३ या मंदीच्या काळात सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. त्यातल्या कितीतरी लहान गावांतल्या होत्या. मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सत्तेवर आल्या आल्या देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या आणि १ जानेवारी १९३४ पासून तिथे ठेवींना २,५०० डॉलरपर्यंत विमा मिळू लागला. आपल्याकडे लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक १९६० मध्ये बुडाल्या, त्यानंतर १९६२ पासून ठेव विमा आला, म्हणजे बँक बुडाली तरी ठराविक रकमेपर्यंत ठेव परत मिळण्याची सोय. तेव्हाची मर्यादा १,५०० रुपये. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, ठेवी काढता येईनात, आणि परवाना रद्द झाला ऑगस्ट २०२२ मध्ये. मधल्या साडेनऊ वर्षांत त्या ठेवीदारांनी घर कसं चालवलं, हे कुठे लिहिलेलं सापडत नाही. किती कोटी बुडाले याचा हिशेब होतो. पैसे अडकून पडले तेवढ्या काळात माणसांचं काय झालं, ते इथे लिहा. बँकेचं किंवा कुणा व्यक्तीचं नाव नको.

---

माझी आई तालुक्याच्या गावी पिग्मी एजंट होती, म्हणजे बँकेसाठी लोकांची रोजची बचत गोळा करायची. सकाळी भाजी मंडई, दुपारी एसटी स्टँडसमोरच्या टपऱ्या, संध्याकाळी कापड गल्ली. कुणाचे रोजचे वीस, कुणाचे पन्नास. आधी कार्बन घालून पावती फाडायची, मग हातात मावणारं मशीन आलं. मशीनमधून चिठ्ठी निघायची, पण लोक ती बघायचेसुद्धा नाहीत. आई आली की गल्ल्यातून नोट काढून द्यायचे.

निर्बंध आले त्या दिवशी शटरवर एक कागद चिकटवलेला होता, तोही इंग्रजीत. तो वाचून दाखवायला लोकांनी कॉलेजच्या पोरांना बोलावलं. दुसऱ्या दिवशी आई नेहमीच्या वेळेला बाहेर पडली. बाबा नको म्हणत होते. ती म्हणाली, "पैसे मी नेले, तर तोंडही मीच दाखवणार." केळीवाल्या मावशींनी तिला सगळ्या मंडईसमोर वाट्टेल ते बोलून घेतलं. बोलून झाल्यावर बसायला पोतं सरकवलं आणि विचारलं, "तुझे किती अडकले गं?" आईची एजंट म्हणून भरलेली अनामत त्याच बँकेत होती आणि कमिशन तर बंदच झालं होतं.

पुढे परवाना गेला आणि विम्याचे अर्ज सुरू झाले. केवायसी हवी, दुसऱ्या बँकेत खातं हवं. पासबुकावर घरातलं हाकेचं नाव, आधारवर दुसरंच. बायकांची एकीकडे माहेरची नावं, एकीकडे सासरची. आई ओसरीवर सतरंजी टाकून रोज संध्याकाळी लोकांचे अर्ज भरायची. तिच्या बहुतेक खातेदारांचे पैसे विम्यात बसणारे होते, ते मिळालेही. पण एका रिक्षावाल्या काकांनी पिग्मीच्या भरवशावर मुलीच्या लग्नाची तारीख धरली होती. लग्न सावकाराच्या पैशावर झालं. विम्याचे पैसे हातात येईपर्यंत त्यांनी जे व्याज भरलं, ते कुठूनच परत मिळणार नव्हतं. आजही ते भेटले की आई नजर खाली घालते आणि मला ते बघवत नाही. तिने एक रुपया इकडचा तिकडे केला नव्हता.

---

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी, सगळं एकाच बँकेत मुदत ठेवीला, ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त म्हणून. त्या बँकेचा परवाना रद्द झाला तेव्हा विम्याची मर्यादा एक लाखच होती, १९९३ पासून तीच चालू होती. ती पाच लाख झाली ४ फेब्रुवारी २०२० पासून, म्हणजे आमच्यासाठी उशिराच.

सगळ्यांनी नीट समजून घ्या: ही मर्यादा पावतीमागे नसते. एका माणसाच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी, मुद्दल आणि व्याज धरून एकत्र मोजतात. संयुक्त खातं मात्र वेगळं धरतात, आणि नावांचा क्रम बदलला तर तेही वेगळं. वडिलांना हे कुणी सांगितलं नव्हतं. ते आता बँकांच्या बातम्यांची कात्रणं काढून ठेवतात आणि शेजाऱ्यांच्या पावत्या स्वतः तपासून देतात.

---

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी अशाच एका बँकेत होता. अठ्ठेचाळीस घरं, पण विम्याच्या हिशेबात ठेवीदार एकच! गच्ची गळत राहिली. वरच्या मजल्यावरच्यांनी आपापल्या पैशांनी पत्रे टाकले. सभासदांची भांडणं अजून मिटलेली नाहीत.

---

मी त्या बँकेतच क्लार्क होतो. बँक बुडाल्यावर तिची येणी वसूल करून देणी भागवायला नेमलेले अवसायक आले आणि आम्हा दोघा-तिघांना जुनी दप्तरं माहीत आहेत म्हणून ठेवून घेतलं. लोकांना वाटतं अवसायक म्हणजे तिजोरी उघडून पैसे वाटणारा माणूस. प्रत्यक्षात तिजोरीत काही नसतंच, सगळं कर्जात असतं. कर्जाची फाइल उघडावी तर मूळ खरेदीखत नाही. तारण म्हणून दाखवलेला प्लॉट आधीच तिसऱ्याला विकलेला. जामीनदार वारलेला, वारस मुंबईला. नोटिसा "पत्ता सोडून गेले" असा शेरा घेऊन परत यायच्या.

सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचे दाखले मिळवले, जप्त्या झाल्या, लिलाव लावले. लिलावाला माणसं जमायची, बोली कुणी लावायचं नाही. लहान गावात शेजाऱ्याचं घर लिलावात घेऊन तिथेच राहायचं कसं? तीन-तीनदा लिलाव फुकट जायचा, तोवर इमारतीच्या चौकटीसुद्धा लोक काढून न्यायचे. संचालकांवर कलम ८८ ची, म्हणजे बँकेच्या नुकसानीची जबाबदारी ठरवायची चौकशी लागली. ती चालू असतानाच दोघे वारले.

जी वसुली झाली तिच्यातून आधी ठेव विमा महामंडळाची परतफेड करायची असते, म्हणून पाच लाखांच्या वरचे ठेवीदार शेवटपर्यंत ताटकळतात. दर सोमवारी एक निवृत्त तलाठी यायचे. "काही हललं का?" एवढंच विचारायचे. मी चहा मागवायचो, कारण उत्तर नव्हतं.

---

मी अमेरिकेत, आयोवा राज्यात एका छोट्या गावात राहते. इथल्या इतिहास संग्रहालयात मदतीला जाते, तिथे मंदीत बुडालेल्या बँकेच्या रिसीव्हरचे, म्हणजे तिथल्या अवसायकाचे कागद आहेत. केंद्राचा परवाना असलेल्या राष्ट्रीय बँकेवर रिसीव्हर वॉशिंग्टनहून नेमला जायचा, राज्याचा परवाना असलेल्या बँकेवर राज्य सरकारचं बँकिंग खातं नेमायचं. विमा नव्हताच. कर्जं वसूल होतील तसे ठेवीदाराला डॉलरमागे काही सेंट मिळायचे, तेही टप्प्याटप्प्याने, वर्षानुवर्षं.

वाचवत नाही ती भागधारकांची यादी. त्या काळी बहुतेक बँकांच्या भागधारकांवर दुहेरी जबाबदारी असायची: शेअरचे पैसे तर जायचेच, वर तेवढीच दर्शनी रक्कम आणखी भरावी लागायची. त्या यादीत विधवा बायका आहेत, नवऱ्याने मागे ठेवलेले चार शेअर नावावर असलेल्या. आणि कर्जदार म्हणाल तर शेतकरीच. मका इतका स्वस्त झाला होता की लोक तो कोळशाऐवजी शेगडीत जाळत होते. वसुली होणार कशातून?

---

कर्जदारांचंही ऐका. माझं हार्डवेअरचं दुकान, कॅश क्रेडिट (धंद्यासाठी लागेल तशी उचल घ्यायचं कर्ज) अशाच एका बँकेत. निर्बंध आले आणि उचल एका दिवसात थांबली, पण थकलेल्या रकमेवर व्याज चालूच. पुरवठादारांना दिलेले चेक परत गेले. दुसरी बँक तारणाचे कागद मागायची, आणि ते कागद बंद शटरच्या आत.

---

धागाकर्तीकडून: दोघांनी विचारलंय म्हणून. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा लागू नाही, फक्त बँकांना आहे. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद झाली आहे, परवाना रद्द होईपर्यंत थांबावं लागत नाही. अर्ज मात्र मुदतीत भरायला हवा. ज्यांच्या घरचे मूळ खातेदार वारले आहेत त्यांनी वारसाच्या कागदांचं आत्तापासून बघा, सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो असं मला तिघांनी कळवलंय. त्यांचे अनुभव परवानगी मिळाली की इथे टाकते.