मदत हवी आहे: आरव्ही-७ मध्ये माझदा १३बी, इंजिन माउंट कुठून पकडावा?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये आरव्ही-७ हे दोन सीटचं किट विमान बांधतोय, एक्सपेरिमेंटल कॅटेगरी (स्वतः बांधलेल्या विमानांची), त्यामुळे इंजिन बदलायला नियमाची आडकाठी नाहीये. लायकमिंग या नेहमीच्या विमान-इंजिनाऐवजी माझदा कारचं १३बी रोटरी इंजिन टाकतोय, टर्बो नाही, पुढे २.८५:१ चा प्लॅनेटरी गिअरबॉक्स, म्हणजे इंजिन ६००० आरपीएमला असलं की प्रॉपेलर साधारण २१०० ला फिरतो. लायकमिंगचा तयार माउंट (इंजिन विमानाला धरून ठेवणारी चौकट) बसत नाही, त्यामुळे ४१३० (क्रोमोली) स्टील ट्यूबचा स्वतःच वेल्ड करायचाय.

इंजिन होइस्टला टांगून फायरवॉलसमोर (इंजिन आणि कॉकपिटमधली भिंत) लाकडी मॉकअप करून बघितलाय. दोन पर्याय दिसतात. एक म्हणजे गिअरबॉक्सच्या अडॅप्टर प्लेटला पकडायचं, थ्रस्टचा लोड तिथेच येतो म्हणून मला हेच पटतं, पण ट्यूबा इंजिनच्या बाजूने लांब न्याव्या लागतात आणि १३बीचे इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला, त्या बाजूची खालची ट्यूब एक्झॉस्टला फारच चिकटते. दुसरा, ब्लॉक आणि ऑइल पॅनच्या मध्ये जाड अल्युमिनियम प्लेट टाकून खालून उचलायचं. ट्यूबा आखूड होतात, पण तिथून ऑइल गळायची भीती वाटते, आणि अख्खं इंजिन लांब टेन्शन बोल्टांनी आवळलेल्या थरांचं, मग प्रॉपेलरचा जायरोस्कोपिक लोड (विमानाची दिशा बदलताना फिरत्या प्रॉपेलरमुळे येणारा) खालच्या प्लेटवर घेणं बरोबर का?

रेडिएटरची जागा ठरलीये, वजन-सीजीचा (गुरुत्वमध्याचा) हिशोब माउंट फायनल झाला की परत करणारच आहे. बजेटमुळे इंजिन बदला असं कृपया सुचवू नका.

ज्यांनी रोटरी खरंच उडवलंय किंवा माउंट डिझाइन केलाय त्यांनी सांगा, यातला कुठला पर्याय घ्यावा, आणि कंपन शोषणारे रबर आयसोलेटर इंजिनच्या टोकाला लावायचे की फायरवॉलच्या?