प्रायमरचा ब्रँड बदलला, पावडर तेवढीच ठेवू का?

डॅलसकर: टेक्सासात .३०८ विंचेस्टरची काडतुसं मी घरीच भरतो. १६८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं छोटं माप) बुलेट, व्हार्गेट पावडर, फेडरल २१० प्रायमर (काडतुसाच्या बुडातली, ठोका बसताच पावडर पेटवणारी टोपी). आता फेडरल मिळेना, सीसीआय २०० मिळाले. दोन्ही लार्ज रायफलच. माझा लोड (पावडरचं माप) भरणीच्या मॅन्युअलच्या कमाल आकड्याच्या जरासा खाली आहे. तोच ठेवू?

रेंजवाले काका: नको रे बाबा! माप एकच असलं तरी आतलं मिश्रण आणि ज्वाळेचा जोर वेगळा असतो, आणि कमाल आकड्याजवळ तेवढ्यानेही दाब वाढतो. दहा टक्के खाली ये, मग थोडं थोडं चढव. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) लावच. जुना वेग आला की थांब, पावडर कमी दिसली तरी. बोल्ट (रायफलची मागची बाजू बंद करणारा दांडा) उचलायला जड गेला किंवा केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा दिसला तर तिथेच बंद कर. या काडतुसाची सॅमी (अमेरिकेत काडतुसांची मानकं ठरवणारी संस्था) मर्यादा ६२,००० पीएसआय (दाबाचं एकक) आहे, आणि खुणा बऱ्याचदा ती ओलांडल्यावरच दिसतात.

नागपूरची मेघा, ओहायो: काकांचं बरोबर. शिवाय सीसीआयचा कप (प्रायमरची धातूची वाटी) फेडरलपेक्षा कडक, म्हणून प्रायमर चपटा झाला नाही याचा अर्थ दाब कमी असा घेऊ नकोस. डबा नीट वाच, २५० म्हणजे मॅग्नम, जास्त जोराचा. उरलेले प्रायमर मूळ डब्यातच ठेव. बाटलीत एकत्र ओतलेले प्रायमर एकदम फुटू शकतात.

डॅलसकर: काका, ताई, आभारी आहे. भरलेली नाहीत अजून. खालूनच सुरुवात करतो, वेग इथे टाकेन.