मदत हवी आहे: लंपी होऊन गेलेल्या गाईला पुन्हा लस द्यायची का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात कोरडवाहू कास्तकारी आहे. कोठ्यात एक गावरान गाय अन् एक बैलजोडी. २०२२ च्या लंपीच्या साथीत गाईच्या अंगभर सुपारीएवढ्या गाठी उठल्या, पुढचा पाय सुजून खांबासारखा झाला. वाचली बिचारी, मानेवरचे वण अजून आहेत. बैलांना तेव्हाच लंपीसाठी म्हणून शेळ्यांच्या देवी रोगाची लस टोचली होती, त्यांना काही झालं नाही.

आता पुन्हा लसीकरण आहे. बाबा म्हणतात, "गोवर एकदा निघाला का जन्मात पुन्हा निघत नाही, मंग तिले कायले टोचतं?" गोवराचं खरं आहे, पण सर्दी तर दरसाल होतेच ना! लस वर्षाने पुन्हा द्यायची, हे माहीत आहे. अडलंय ते आजार होऊन गेलेल्या जनावराचं. ती प्रतिकारशक्ती किती दिवस टिकते?

शिवाय तिचं वासरू दीड महिन्याचं आहे. चिकातून आईची शक्ती उतरते, म्हणून चार महिन्यांच्या आत लस देत नाहीत. तोवर गोमाशा-डासांपासून त्याला जपायचं कसं? संध्याकाळी कडुनिंबाचा धूर करतोच.

कोणी पशुवैद्यक किंवा अनुभवी कास्तकार असेल तर सांगा. पोळ्याच्या आत ठरवायचं आहे.