अनुभव धागा: परसबागेची आखणी आणि सोबतीची पिके (नाशिक)

पावसाळी वेल उतरवून रब्बीचे वाफे आखायची वेळ झाली. कशाशेजारी काय लावता, किती अंतरावर, काय बिघडतं आणि का, ते इथे लिहा. मापं द्या, 'भरपूर शेणखत' चालणार नाही.

मखमलाबादकर
आधी ऊन, मग शेजार. थंडीत सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो, म्हणून कारल्या-दोडक्याचा मांडव, मका, तूर असं उंच काही असेल ते उत्तरेच्या कडेला. वाफा ३ फूट रुंद, मध्ये दीड फूट वाट. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, वाफ्यात पाय नको. आपली काळी माती पाणी धरून बसते, तेव्हा गादी निदान ८ इंच उंच. १० फुटी वाफ्याला ४ घमेली शेणखत, पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते.

टोमॅटोवाली
टोमॅटोत झेंडू सगळेच लावतात, पण वय चुकवतात. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला झेंडूच्या कळ्या-फुलांकडे वळते, म्हणून टोमॅटो फुलोऱ्यात येताना झेंडूही फुललेला हवा. लागणीच्या दिवशी झेंडूचं रोप ४०-४५ दिवसांचं, टोमॅटोचं २५ दिवसांचं. दोन्ही एकाच दिवशी पेरले तर झेंडू नुसता तोरणापुरता.
१० फुटी वाफ्यात दोन ओळी, रोपांत २ फूट, म्हणजे १० टोमॅटो. झेंडू दोन्ही टोकांना आणि मध्ये एक. उंच, पिवळ्या-केशरी फुलांचा घ्या. आठवड्यातून दोनदा कळ्या चाळायच्या, भोक दिसलं की कळी तोडून साबणाच्या पाण्यात. हे केलं नाही तर तोच झेंडू अळ्यांचं पाळणाघर होतो.

सातपूर
ताई, सापळा म्हणून बरोबर आहे. पण 'झेंडूने सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अगदी बारीक जंत) जातात' म्हणून लोक तीन रोपं लावून निवांत बसतात. त्यासाठी अख्खा वाफा बुटक्या झेंडूने वीतभर अंतरावर भरून दोन-तीन महिने ठेवावा लागतो, शेवटी चिरून मातीत मिसळायचा. तेवढे दिवस त्या वाफ्यात भाजी नाही.
आधी मुळं उपटून बघा. घेवड्या-चवळीच्या मुळावरची गाठ नखाने सुटते, आत गुलाबी असते. ती चांगली, नत्र देणारी. सूत्रकृमीची गाठ सुटत नाही, कारण मूळच सुजलेलं असतं.

कोबी-फ्लॉवर
कोबी दीड फुटावर. कडेला मोहरीची एक ओळ लागणीच्या १५ दिवस आधी, दुसरी लागणीनंतर २५ दिवसांनी. पहिली निबर होते तेव्हा कोबी गड्डा धरत असतो, नेमका तेव्हा कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला अंडी घालायला कोवळी मोहरी मिळायला हवी. मोहरीवर मावाही (रस शोषणारी बारीक कीड) येतो. शेंडे खुडून टाकत राहा.
मधल्या जागेत मेथी, कोबीबरोबरच पेरलेली. २५-३० दिवसांत उपटायची, पानं एकमेकांना भिडायच्या आत. उशीर झाला तर मेथी उंचच उंच आणि पिवळी. मुळा मात्र तिथे नको: त्याच कुळातला, त्याच किडी. कोथिंबिरीची चार-पाच झाडं न कापता फुलू द्या, ज्यांच्या अळ्या मावा खातात त्या माश्या या फुलांवर येतात.

गच्चीवाला
मित्रकिडे यावेत म्हणून काही जण भाजीशेजारी चवळी लावायला सांगतात. चवळीवर मावा येतो आणि त्यामागून तो खाणारे ढालकिडे, हे खरं. पण चवळी उन्हाळी-पावसाळी. डिसेंबरच्या नाशकात ती खुरटते.
मका-घेवडा-लाल भोपळा हे त्रिकूट छोट्या जागेत करू नका, भोपळा वाटासुद्धा गिळतो. नुसता मका-घेवडा चालतो, मका वीतभर झाल्यावर घेवडा टोकायचा. एकदम पेरले तर वेल मक्याला आडवा करतो.

मखमलाबादकर
एक राहिलं. टोमॅटोशेजारी बटाटा नको, दोघांचा करपा (पानं जाळणारा रोग) एकच. धुकं-दवाच्या आठवड्यात इकडून तिकडे जायला वेळ लागत नाही. वांगी-मिरचीही त्याच कुळातली. यांतलं काही काढलं की पुढची दोन वर्षं त्या वाफ्यात पालेभाजी, घेवडा, कांदा. वाफ्यांना नंबर घालून वहीत लिहून ठेवा.