मदत हवी आहे: दाढीच्या ब्रशची लाकडी मूठ कातली, पण पाण्यात टिकेना

नमस्कार. मी बेळगावचा. उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये 22 वर्षं लेथवर आहे. लोखंड, पितळ, बीड (ओतीव लोखंड) यांत हात बसलाय. लाकूड कातायला लागलो ते गेल्या दिवाळीपासून, आणि तेही एकाच कामासाठी: दाढीच्या ब्रशची मूठ. चार मुठी केल्या, चारही बाद झाल्या. इथं लाकडातली जाणती माणसं आहेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचे अप्पा 78 वर्षांचे. हात कापतात. तरी रोज सकाळी दाढी स्वतःच करतात. आम्ही कुणी करून दिलेली त्यांना चालत नाही, आणि मलाही ते बरोबरच वाटतं. दिवसातलं तेवढं एक काम ते पहिल्यापासून शेवटपर्यंत आपल्या हातानं करतात. बाजारातल्या ब्रशची मूठ प्लास्टिकची, पोकळ, हलकी. साबणाचा हात लागला की ती बोटांत गरगर फिरते. त्यांना भरीव, कंबरेत निमुळती आणि बुडाशी जड अशी मूठ हवी. ती मी करून देईन असं म्हणून बसलोय.

लाकूड घरचंच आहे. खानापूर तालुक्यातलं आजोळचं घर उतरवलं तेव्हा मामांनी शिसवी पलंगाचे दोन मोडके पाय आणि सागवानी वाशांचे तुकडे दिले. शेतात तोडलेल्या बाभळीचा एक ओंडकाही होता.

पहिली मूठ त्या बाभळीची. लाकूड ओलं होतं आणि गाभा बरोबर मधे आलेला. आठ दिवसांत उभी चीर गेली. ती चूक मला कळली, त्याबद्दल विचारत नाही.

दुसरी शिसवाची. 120 पासून 400 पर्यंत पॉलिशपेपर मारला आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचं पॉलिश कापडाच्या बोळ्यानं दिलं. काय चमक आली होती! अप्पा खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवून बघत होते. महिन्याभरात बोटं धरतात तिथं पांढुरके डाग पडले, आणि ओली असताना मूठ चिकट लागायला लागली.

तिसरी सागवानाची, तिला घाण्यावरचं कच्चं जवसाचं तेल. तीन हात दिले. नेमका पाऊस लागलेला. आपल्याकडचा पाऊस ठाऊकच आहे, दारं फुगून चौकटीत बसत नाहीत. तेल तीन आठवड्यांनीही पुरतं वाळलं नाही, आणि मोरीतल्या फळीवर ठेवल्यावर बुडाशी काळे ठिपके आले.

चौथीचं दुःख सगळ्यात जास्त आहे. पुन्हा शिसव, पण वरून काही लावलं नाही, नुसती घोटून गुळगुळीत केली. केसांचा तयार झुपका मागवला होता, कृत्रिम केसांचा, बुडाचं माप 24 मिलिमीटर. मी भोक 24.05 चं केलं, 14 खोल. लोखंडात असा फिट बसला की समाधान वाटतं. पाच मिनिटांत घट्ट होणारा दोन नळ्यांचा डिंक (इपॉक्सी) भरला आणि झुपका दाबला. तो आपोआप दोन मिलिमीटर वर आला. परत दाबला, परत वर आला. शेवटी वजन ठेवलं. तीन आठवड्यांनी एका सकाळी ऐन फेसात झुपका सुटून अप्पांच्या हातात आला. ते एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही तुकडे बेसिनवर नीट ठेवले आणि उरलेला फेस बोटांनी लावून दाढी पुरी केली. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. नंतर पाहिलं तर भोकाच्या तोंडापासून केसाएवढी चीरही खाली उतरलेली.

माप असं: उंची 58, बूड 36, कंबर 22, वरचं डोकं 34.

मला हे हवंय. गरम पाणी आणि साबण रोज सोसेल असं वरून काय लावू? झुपका पक्का बसवायची खरी रीत कोणती? बुडात पितळेची चकती घालून वजन वाढवलं तर लाकूड फुटेल का? आणि ओळखीत एकाकडे शर्यतीचा घोडा आहे, तो शेपटीचे केस द्यायला तयार आहे. त्याचा झुपका घरी बांधावा का?

प्रतिसाद, खानापूरहून

दादा, आमच्या घरी आजोबांपासून कातारकाम आहे. लाटणी, रवीचे दांडे, पाळण्याचे पाय, भोवरे. ब्रशच्या मुठी मीही थोड्या केल्यात. तुमचा हात चांगला आहे हे मापांवरूनच कळतंय. पण तुम्ही लाकडाला लोखंडाच्या शिस्तीत बसवायला निघालात, तिथं ते रुसलं बघा.

24 ला 24.05 हा फिट लोखंडाचा. घट्ट झुपका आत सरकताना भिंतीवरचा डिंक खरवडून खाली नेतो, म्हणजे भिंत कोरडीच राहते. वर भोक बंद बुडाचं, आत हवा कोंडते. तुमच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकची कामं चालतात, पिस्टन वर का आला हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि ती चीर? लाकूड सुकताना रेषेच्या आडवं आकसतं, झुपक्याचं कडक बूड आकसत नाही. मधे जागाच नसली तर भोकाच्या तोंडाशी ते फाटणारच. म्हणून भोक 25 करा. चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर डिंक राहू दे. झुपका सैल वाटेल, वाटू दे. तुमच्या पितळी चकतीलाही हाच नियम, अर्धा मिलिमीटर सोडा आणि ती डिंकात बसवा. चकती घालाच, फेस करताना मूठ हातात बुडाशी बसते.

लोखंडाचा ड्रिल लाकडाचे तंतू ओरबाडतो. चपट्या बुडाचं भोक पाडणारा लाकडाचा बिट येतो, दुकानात फोर्स्टनर म्हणून मागा. बिट बोथट असेल तर भिंत घासून काचेसारखी होते आणि त्यावर डिंक धरत नाही. भोक पाडल्यावर आत पटाशीच्या टोकानं आडव्या रेघा ओढा. शिसव तेलकट लाकूड, म्हणून आतून आधी अ‍ॅसिटोननं पुसा. मग नुसत्या डिंकाचा एक हात भोकाच्या भिंतीला आणि तळाला द्या आणि दिवसभर सोडा. हे काम बरेच जण टाळतात, पण सगळ्यात मोठं तेच आहे. भोकाच्या तळाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, पाणी बाहेरच्या पॉलिशमधून शिरतं त्याहून किती तरी जास्त तिथून शिरतं. दुसऱ्या दिवशी आतून पेपर फिरवून मग नव्या डिंकात झुपका बसवा. पाच मिनिटांचा डिंक घेऊ नका. चोवीस तासांचा सावकाश वाळणारा घ्या, पाण्याला तोच जास्त टिकतो.

आता पॉलिश. लाखेला नावं ठेवू नका, जागा चुकली. चन्नपट्टणची खेळणी बघा, फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणानं ती वितळून लाकडाला धरते, पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. पण ती खेळणी रोज गरम पाण्यात जात नाहीत. लाख उष्णतेनं मऊ पडते, आणि क्षारात विरघळते. दाढीचा साबण क्षारीय असतो. म्हणजे रोज सकाळी थोडी थोडी लाख अप्पांच्या तोंडाला लागत होती म्हणा की. जवसाचं तेल लाटण्याला, पोळपाटाला छान, पण पाणी अडवायची त्याची ताकद थोडी, आणि दमट हवेत कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं. एक सावधगिरी, तेल लावलेली फडकी बोळा करून टाकू नका, पसरून वाळत घाला. ती आपोआप तापून पेट घेतात.

शिसवावर पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) सुद्धा कुरकुर करतं, लाकडातल्या तेलामुळं नीट वाळत नाही. मी सुपरग्लू वापरतो, पातळवाला. लेथ अगदी हळू फिरवायचा, टिश्यू पेपरच्या घडीवर दोन-तीन थेंब घेऊन टेकवत न्यायचा. सुती कापड घेऊ नका, सुतावर सुपरग्लू तापतो आणि धूर निघतो. असे पातळ दहा-बारा हात. खिडकी उघडी ठेवा आणि चष्मा लावा, वाफ डोळ्यांना फार झोंबते. शेवटी 600 चा पेपर पाण्यात भिजवून हलका, पुढं आणखी बारीक. त्याआधी एक करा: कोरं लाकूड ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू पुन्हा 400 नं घोटा. पाणी लागून जे व्हायचं ते तुमच्या हातात असतानाच होऊन जाऊ दे. मूठ कापून वेगळी केल्यावर लाकडी दट्ट्यावर उलटी बसवून बुडालाही तितकेच हात द्या. काळे ठिपके तुम्हाला बुडाशीच आले होते ना?

शिसवाची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका, काहींना त्यानं अंगावर पुरळ येतं. आणि काम झालं की त्याच संध्याकाळी लेथचा बेड झाडून तेलाचा हात फिरवा. लाकडाचा भुसा ओल धरतो, सकाळी गंज दिसेल.

बाभूळ वाया गेली म्हणू नका. उरलेल्या ओंडक्याचा गाभा टाळून तुकडे पाडा, दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावा, सावलीत ठेवा. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

प्रतिसाद, निपाणीहून

वरच्या काकांनी केसांबद्दल लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. माझं शिक्षण पशुवैद्यकातलं. घोड्याचे कच्चे केस दाढीला अजिबात वापरू नका. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंड-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या ब्रशमुळं माणसांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला होता. तिचे बीजाणू वर्षानुवर्षं टिकतात, साबणपाण्यानं मरत नाहीत, आणि दाढीत लागलेलं बारीकसं कापलंही त्यांना आत शिरायला पुरतं. तो घोडा निरोगी असेलही, पण निर्जंतुक करायची सोय घरी होत नाही. अप्पांसाठी कृत्रिम केसच ठीक. मऊ असतात, डुकराच्या केसांसारखे आधी भिजत घालावे लागत नाहीत, लवकर वाळतात.

पुन्हा मी, दसऱ्यानंतर

उशिरा लिहितोय, कारण पाचवी मूठ वापरून बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आज सहा आठवडे झाले.

काका, 25 चं भोक पाडताना माझा हात थांबत होता, खरंच सांगतो. झुपका आत टाकला तर खुळखुळला. 22 वर्षं असा जॉब मी बाद करत आलोय. पण डिंक भरून ठेवला तर वर आला नाही, कडेनं सारखा फुगून आला, पुसून घेतला, दुसऱ्या दिवशी दगड. भोकाला आतून एक हात आधी दिला होता. चकती पितळेची, 25 व्यासाची, 8 जाडीची. मूठ आता फळीवर ठेवली की हलत नाही. सुपरग्लूचे बारा हात दिले. तिसऱ्या हाताला घाई केली, पांढरा थर आला, तो पूर्ण घोटून काढून पुन्हा सुरुवात केली. मूठ कातण्याआधी एका टाकाऊ तुकड्याला असेच हात देऊन रात्रभर साबणाच्या गरम पाण्यात ठेवला होता, सकाळी डाग नव्हता. मगच मूठ केली.

डाग नाहीत, चीर नाही. शिसवाच्या काळ्या रेघा लाखेएवढ्या खोल दिसत नाहीत, तेवढं मनाला लागतं, पण चालेल.

निपाणीच्या ताई किंवा दादा, तुमचे फार आभार. घोड्याचे केस मी आणूनही ठेवले होते. ते जाळून टाकले.

आता अप्पा म्हणतात, कंबर थोडी जाड कर, अंगठा बसत नाही. म्हणजे 22 ची 25 करायची. कातून वाढवता येत नाही, सहावी मूठच करावी लागेल. शिसवाचा वीतभर तुकडा उरलाय, तो चुकला तर संपला. आधी चिंचेवर करून बघावी असं मनात आहे, लाकूड कठीण आणि चिवट आहे म्हणून. बेळगाव-खानापूरकडं कुणाकडे पुरती सुकलेली चिंच असेल, गाभा सोडून दोन इंची चौरस, तर सांगा. येऊन घेऊन जातो. आणि काका, चिंचेला शिसवासारखं अ‍ॅसिटोन लागतं का?