मदत हवी आहे: एक्क्यांची जोडी हातात असूनही पॉट जातो, किती लावायचं?

ओलीत_रातचं:
आम्ही दारव्हा तालुक्यातले. हरभऱ्याला ओलीत चालू आहे आणि या आठवड्यात लाईन रातची. लाईन येईपर्यंत वाट पाहायची, मग सकाळपर्यंत डुकरं हाकलायची, म्हणून शेकोटीपाशी आम्ही सहा जण पत्ते कुटत बसतो. तीन पत्तीचा कंटाळा आला तेव्हा पुण्याहून आलेल्या भाच्यानं टेक्सास होल्डम शिकवलं, म्हणजे हातात दोन पत्ते आणि मधे सगळ्यांचे सामाईक पाच. पैसा नाही, प्रत्येकी 100 चिंचोके. ज्याचे संपले त्यानं बॅटरी आणि डबडं घेऊन धुऱ्यानं पहिली फेरी मारायची. या थंडीत हे पैसे हरण्यापेक्षा वाईट आहे.

आता कालचा डाव सांगतो. ब्लाइंड (दोघांनी पत्ते बघण्याआधीच टाकायचे चिंचोके) 1-2. वाटप माझं. माझ्याकडे बदाम एक्का, चौकट एक्का. आधीच्या तिघांनी दोन-दोन टाकले, मी 6 केले, पाचही जण आले. पॉट (मधला ढीग) 36. फ्लॉप, म्हणजे मधले पहिले तीन पत्ते: इस्पिक नव्वी, इस्पिक अठ्ठी, किल्वर तिर्री. सगळे चेक (काही न लावता पुढं), मी 6 लावले, तिघं आले. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, बदाम दुर्री, मी 10 लावले, दोघं राहिले. रिव्हरला, म्हणजे शेवटचा पत्ता, इस्पिक पंजी पडली, आमच्या काकानं 40 लावले, मी आलो आणि त्यानं इस्पिकची राणी-चौकी दाखवली. फ्लश, एकाच रंगाचे पाच!

काका म्हणतात, "एक्के असले की गपचूप राहावं, समोरच्याला कळू देऊ नये." भाचा म्हणतो, सरळ ऑल-इन, म्हणजे सगळेच लावून टाक. कोणाचं ऐकू? पैशावाल्या अ‍ॅपची नावं सुचवू नका. 2025 च्या कायद्यानं तो धंदा बंद झाला आणि मला तसंही त्यात पडायचं नाही.

किल्वरची_राणी:
दोघांचंही ऐकू नका.

काकांकडे इस्पिकचे चार पत्ते झाले होते, म्हणजे पाचवा येण्यासाठी 9 पत्ते शिल्लक. फ्लॉपनंतर त्यांना न दिसलेले पत्ते 47. पुढचाच पत्ता इस्पिक पडण्याची शक्यता 19 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पाचात एकदा. एक चिंचोका टाकून समोर चारच्या वर मिळत असतील तरच त्यांना यायला परवडतं. आणि तुम्ही काय भाव दिला? 36 च्या पॉटवर 6. पहिल्या येणाऱ्याला 6 टाकून 42 दिसत होते, एकाला सात. तिसऱ्याला तर एकाला नऊ. एवढ्या स्वस्तात मीही आले असते.

पॉटच्या तीन चतुर्थांश, म्हणजे 27 लावले असते तर पहिल्याला 27 टाकून 63 दिसले असते, एकाला साधारण सव्वादोन. तरीही काका आले असते तर येऊ द्या, भाव त्यांनी चुकीचा दिला. एकटेच आले असते तर पॉट 90 आणि तुमच्याकडे उरले असते 67. टर्नला दुर्री पडल्यावर ते सगळे पुढे ढकलायचे. भाच्याचं ऑल-इन इथे योग्य आहे, फ्लॉपच्या आधी नाही. आधीच 100 लावले तर बहुतेक जण पत्ते टाकतील आणि तुमच्या वाट्याला जेमतेम नऊ चिंचोके येतील.

फ्लॉपच्या आधीचं 6 सुद्धा कमी होतं. समोर एकच भिडू असेल आणि त्याच्याकडे कुठलेही दोन पत्ते असतील, तर एक्क्यांची जोडी 85 टक्के वेळा जिंकते. पाच जण शेवटपर्यंत राहिले तर जेमतेम निम्म्या वेळा. तिघं आधीच दोन-दोन टाकून बसले असतील तर 12 ते 15 करा.

पांदण_रस्ता:
भाऊ, 6 चिंचोके म्हणजे डुकराले साडीचं कुंपण! पण मले एक सांगा राणीताई, यायच्या इकडं कोणी पत्ते टाकतच नाही. 27 लावले तरी पाचही येतीन. मंग वाचवलं काय?

किल्वरची_राणी:
बरोबर मुद्दा. पण लोकांना पळवणं हा हेतूच नाही, त्यांच्याकडून महाग भाव वसूल करणं हा आहे. पाचात एकदा लागणाऱ्या पत्त्यासाठी कोणी 27 देत असेल तर त्याला आनंदानं द्यायला लावा. बरेच जण आले तर मागच्यांना भाव स्वस्त पडतो हे खरं, म्हणून गर्दी असेल तेव्हा पॉटएवढंच लावा, 36 वर 36. तरीही कधीकधी हराल. दोन पत्ते बाकी असताना चार इस्पिकवाल्याला फ्लश 35 टक्के वेळा लागतोच.

आणि त्याच फ्लॉपवर काकांकडे इस्पिकचा गुलाम-दश्शी असते तर? फ्लशचे 9 आणि स्ट्रेटचे (सलग पाच पत्ते) आणखी 6, मिळून 15 पत्ते. रिव्हरपर्यंत तेच थोडे पुढे असतात. तिथे किती लावता यानं काहीच वाचत नाही.

ओलीत_रातचं:
समजलं. म्हणजे आकडा ब्लाइंडवरून नाही, पॉटवरून धरायचा. मी दर वेळी 6 किंवा 10 असंच लावत होतो. आता दोन प्रश्न. टर्नलाच तिसरं इस्पिक पडलं तर पुढं लावत राहायचं का? आणि फ्लॉप साधा असेल तर, म्हणजे राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगाचे?

पांदण_रस्ता:
तिसरं इस्पिक पडलं आन् तुमच्यापाशी एकही इस्पिक नाही तं चेक करा गा. काका कधीच आपून होऊन लावत नसन आन् अचानक 40 लावले, तं पत्ते टाका. मोठ्या माणसाचा मान राखला असं म्हणा.

किल्वरची_राणी:
हे अगदी पटलं. काल रिव्हरलाही तेच करायला हवं होतं.

साध्या फ्लॉपवर घाई नको. राजा-सत्ती-दुर्रीवर कोणाचा फ्लश किंवा स्ट्रेट एका पत्त्यात होणारच नाही. तिथे पॉटच्या तिसऱ्या हिश्शाएवढं लावा, म्हणजे राजावाला आणि सत्तीवाला दोघंही सोबत राहतील. पुढं टर्नला नव्वी-अठ्ठीसारखं काही पडलं किंवा दोन पत्ते एका रंगाचे झाले, की मग तीन चतुर्थांश.