मदत हवी आहे: जुन्या चिऱ्याच्या घराला नवी खोली कशी जोडावी?

दापोलीजवळ आजोबांच्या वेळचं घर आहे. चुन्यात बांधलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या (तांबड्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं. आईचे गुडघे गेलेत, म्हणून मागच्या पडवीला लागून एक खोली आणि कमोडचा संडास काढतोय, आरसीसीत. गवंडी म्हणतो, स्लॅब सरळ जुन्या भिंतीत घुसवू. मला पटत नाही. नवा पाया थोडा जरी खचला तरी भिंतीला तडा जाणार. (मागे एकदा हौसेने सिमेंटचा गिलावा केला, तिथला चिरा अजून ओला, पोपडे सुटतात.) जुनी भिंत आणि नवी खोली यांच्या मधे दोन इंच फट ठेवली तर पाणी कसं अडवायचं? वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि पागोळ्या नेमक्या तिथेच. पत्र्याची पन्हळ पुरेल? कुणी केलंय का असं? चुन्याचं काम येणारा गवंडी असेल तर तेही कळवा.